'हवाई सुंदरी'चे श्रम

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गाचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काहीजण गालातल्या गालात हसले असणार. ऊसतोडणी मजूर, इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार, एस. टी.चे चालक-वाहक, घरकाम करणाऱ्या बायका हे आपले नेहमीचे विषय. त्यांत विमानात वावरणाऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या, नीटनेटक्या पोशाखातील मुलींचे गाऱ्हाणे कोठून आले, आणि ते ऐकण्यासाठी समाजवादी कार्यकर्त्याने रविवारची सकाळ का खर्ची घालावी, असे कोणी विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही. पण आपल्या चळवळीची एक जुनी खोड आहे. श्रमिक म्हटला की तो घामाने निथळलेला आणि फाटक्या कपड्यांतलाच असला पाहिजे, असे चित्र आपण मनाशी धरून बसतो. मालकानेच इस्त्रीचा पोशाख आणि हसरा चेहरा सक्तीचा केलेला असला, की त्या पोशाखाच्या आतला मजूर आपल्याला दिसेनासा होतो.

शिवाय हा विषय आता कोल्हापुरापासून दूरचा राहिलेला नाही. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत उभा राहिलेला उजळाईवाडीचा विमानतळ कित्येक वर्षे ओस पडल्यासारखा होता. मार्च २०२४ मध्ये तेथे नव्या टर्मिनल इमारतीचे उद्घाटन झाले. कागल, गडहिंग्लज, राधानगरीच्या मुली आता विमान जवळून पाहतात, आणि त्यांच्यापैकी काहींना त्यात नोकरी करावीशी वाटते. त्यांना कोणी नावे ठेवण्याचे कारण नाही. गावाबाहेर पडण्याचा, स्वतःच्या कमाईवर उभे राहण्याचा जो मार्ग दिसेल तो त्या धरणारच. मात्र त्या मार्गावर काय मांडून ठेवले आहे, हे त्यांना कोण सांगणार?

प्रथम शब्दाकडे वळू. मराठी वृत्तपत्रांनी या कामगार स्त्रीला 'हवाई सुंदरी' हे नाव दिले आणि ते अजूनही सुटलेले नाही. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीला आपण परिचारिका म्हणतो, शाळेत शिकवणारीला शिक्षिका म्हणतो. कोणी 'रुग्णालय-सुंदरी' किंवा 'शाळा-सुंदरी' म्हणत नाही. एका व्यवसायाच्या नावातच कर्मचाऱ्याच्या रूपाचा दाखला घातला गेला आहे, आणि त्याच्या आधीचे 'हवाई' हे विशेषण मराठीत गप्पांना आणि मनोऱ्यांना लावायचे! शब्द असा तयार झाला की त्यात श्रमाला जागाच उरली नाही. गंमत अशी की या व्यवसायाचा आरंभ रूपातून झालेलाच नाही. १९३० साली अमेरिकेत एलन चर्च ही पहिली विमानसेविका कामावर रुजू झाली, ती प्रशिक्षित परिचारिका होती. आणि सुरुवातीच्या काळात परिचारिकेचे शिक्षण ही त्या नोकरीची अटच होती. घाबरलेल्या, आजारी पडणाऱ्या प्रवाशांना सांभाळण्यासाठी तिची नेमणूक झाली. शुश्रूषेची जागा शोभेने घेतली ती नंतर, विमानकंपन्यांची स्पर्धा आणि त्यांची जाहिरातबाजी वाढल्यावर.

आता प्रत्यक्ष काम पाहू. विमानात ही माणसे चहा-नाश्ता देण्यासाठी आहेत, असा प्रवाशाचा समज असतो. कायद्याच्या दृष्टीने ती तेथे आहेत प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी. आपल्याकडील नियमानुसार दर पन्नास आसनांमागे किमान एक केबिन कर्मचारी असावा लागतो. म्हणून कोल्हापुरात येणाऱ्या छोट्या विमानात एक किंवा दोघी दिसतात, आणि एकशेऐंशी आसनांच्या एअरबसमध्ये चौघी. हा हिशेब चहाच्या पेल्यांवरून ठरलेला नाही. विमानाची निम्मी दारे निकामी झाली असे धरून उरलेल्या दारांतून नव्वद सेकंदांत सारे प्रवासी बाहेर काढता आले पाहिजेत, ही प्रवासी विमानाच्या मान्यतेची कसोटी आहे. आग विझवणे, हृदयक्रिया बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देणे, प्रसंगी आकाशात बाळंतपण करणे, पाण्यात उतरलेल्या विमानातून तराफा सोडणे हे सारे त्यांना शिकवले जाते आणि ठराविक काळाने त्याची परीक्षा घेतली जाते. उड्डाणापूर्वीच्या बैठकीत सुरक्षिततेविषयी प्रश्न विचारले जातात. उत्तर चुकले तर त्या उड्डाणावरून उतरवले जाऊ शकते.

आणि हे सारे कोठे? उडत्या विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीवरच्याइतका नसतो. समुद्रसपाटीपासून सहा ते आठ हजार फूट उंचीवर जेवढा असतो तेवढा राखला जातो. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाईचे शिखर साधारण ५,४०० फुटांचे. म्हणजे ही मुलगी कळसूबाईपेक्षा उंच ठिकाणी, वाळवंटासारख्या कोरड्या हवेत, हलत्या जमिनीवर जड ट्रॉली ढकलत असते. अनेक कंपन्यांत तेही टाचेच्या बुटांत. दिवसातून चार-चार वेळा चढणे-उतरणे, कानांवर दाब, पाठीवर ताण, पहाटे तीनला उठणे, दुसऱ्या दिवशी रात्री जागणे. स्वस्त तिकिटांच्या कंपन्यांनी त्यात आणखी एक भर घातली. विमान जमिनीवर उभे राहिले की त्याचे पैसे बुडतात, म्हणून अर्ध्या तासात ते पुन्हा उडवायचे. त्या अर्ध्या तासात एक गर्दी उतरते, दुसरी चढते, आणि मधल्या वेळात आसनांमधला कचराही पुष्कळदा याच मुली उचलतात.

वेतनाची रचना तर मुळातूनच समजून घेण्यासारखी आहे. अनेक विमानकंपन्यांत मूळ पगार बेताचा असतो आणि कमाईचा मोठा भाग उड्डाणभत्त्याचा. हा भत्ता तासांवर, आणि तास मोजायचे ते विमानाच्या चाकांखालची अडण काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत. त्याआधीची हजेरी, तपासणी, बैठक, प्रवाशांना चढवणे, त्यांच्या बॅगा वर ठेवणे, धुक्यामुळे किंवा पावसामुळे विमान तासभर खोळंबले तर तेवढा वेळ संतापलेल्या माणसांची समजूत काढणे, हे सर्व कंपनीच्या हिशेबी काम असले तरी भत्त्याच्या हिशेबी नाही. आपला एस. टी.चा वाहक डेपोत हजर झाला की त्याची ड्यूटी सुरू होते. गाडीचे चाक फिरेपर्यंत तो फुकट असतो, असे कोणी म्हटले तर डेपोत काय होईल ते आपण जाणता! ऑगस्ट २०२५ मध्ये कॅनडात नेमक्या याच प्रश्नावर एअर कॅनडाचे सुमारे दहा हजार केबिन कर्मचारी संपावर गेले. सरकारने कामावर परतण्याचा हुकूम काढला, तो त्यांच्या संघटनेने मानला नाही, आणि चार दिवसांच्या आत जमिनीवरील कामाचाही मोबदला देण्याचे तत्त्व कंपनीला मान्य करावे लागले.

आता मी अशा भागाकडे येतो की जो आपल्या विचाराच्या माणसांना थोडा जड जाईल. १९५३ साली विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि एअर इंडिया सार्वजनिक मालकीची झाली. समाजवाद्यांनी त्याचे स्वागत केले ते योग्यच होते. पण या सार्वजनिक महामंडळाच्या सेवाशर्ती काय होत्या? विमानसेविकेने पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हावे. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर तेव्हाच. किंवा पहिल्यांदा गरोदर राहताच. यांपैकी जे आधी घडेल ते! पस्तिशीनंतर एकेक वर्षाची मुदतवाढ पंचेचाळीसपर्यंत मिळू शकत असे, ती व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीने. त्याच विमानात जवळपास तेच काम करणारा पुरुष अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत नोकरीत राहात असे. हे कोणा नफेखोर शेटजीचे नियम नव्हते. लोकशाही समाजवादाची भाषा बोलणाऱ्या सरकारच्या आस्थापनेचे ते नियम होते. १९६५ च्या खोसला न्यायाधिकरणापुढे आणि १९७२ च्या महेश न्यायाधिकरणापुढे हा वाद गेला, पण मूळ चौकट मोडली नाही.

अखेर नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या. २८ ऑगस्ट १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्या. फजल अली यांनी लिहिलेल्या या निकालाने पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी संपवण्याची अट घटनेच्या चौदाव्या कलमाविरुद्ध ठरवून रद्द केली, आणि ती भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे असे खडसावले. संचालकांच्या मर्जीचा अधिकारही गेला. तरुण व आकर्षक स्त्रियाच या कामाला हव्यात, हा युक्तिवादही न्यायालयाने झिडकारला. एवढे वाचून आपण टाळ्या वाजवू. पण निकाल पुढेही वाचला पाहिजे. चार वर्षे लग्न न करण्याची अट त्याच न्यायालयाने वाजवी मानली. कारणे दिली ती अशी: तोवर मुलगी प्रौढ होते, कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमाला हातभार लागतो, आणि तिने लवकर नोकरी सोडली तर महामंडळाचा प्रशिक्षणाचा खर्च वाया जातो. दोन अपत्ये हयात असताना पुन्हा दिवस गेले तर नोकरी संपावी, ही सुधारित कल्पनाही न्यायालयाला पटण्याजोगी वाटली. पुरुष आणि स्त्रिया हे दोन वेगळे संवर्ग आहेत असे सांगून निवृत्तीच्या वयातला भेदही राहू दिला. संवर्ग वेगळे केले कोणी? ज्याला भेदभाव करायचा होता त्यानेच. आधी भिंत बांधायची आणि मग भिंतीच्या दोन बाजूंची माणसे वेगळी आहेत म्हणून दाखवायची, ही युक्ती शाहू महाराजांच्या या नगरीत कोणाला समजावून सांगण्याची गरज नसावी.

लढा पुढे चालूच राहिला. निवृत्तीचे वय हळूहळू वाढले, तरी स्त्रीने पन्नाशीला उड्डाण थांबवून जमिनीवरच्या कामावर यावे आणि पुरुषाने अठ्ठावन्नपर्यंत उडावे, हा फरक २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. त्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध अपिलात गेली ती केबिन कर्मचाऱ्यांचीच एक संघटना! थकलेल्या शरीराला पन्नाशीनंतर जमिनीवरचे काम हवे होते, असाही त्यामागे एक सूर होता. तेव्हा याला नुसती गद्दारी म्हणून चालणार नाही. समान हक्क मागताना कामाचे ओझे तसेच ठेवले, तर हक्कच कसा नकोसा होतो, याचे हे उदाहरण आहे. विमानातील पर्यवेक्षकाचे पद स्त्रियांना खुले करण्याचा एअर इंडियाचा आदेश निघाला तो २००५ अखेर. पुरुष सहकाऱ्यांपैकी काहींनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली आणि २०११ साली ते हरले. अधूनमधून शरीराचा काटाही निघतच होता. जानेवारी २००९ मध्ये याच कंपनीने वजन जास्त म्हणून काही विमानसेविकांना कामावरून काढले.

आज गरोदर स्त्रीला काढता येत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची रजाही आहे. पण गरोदरपण निश्चित होताच ती उड्डाणाला तात्पुरती अपात्र ठरते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे रास्त असेल, तरी त्याबरोबर उड्डाणभत्ता थांबतो, आणि कमाई ऐन गरजेच्या वेळी ढासळते. नियम गेला, त्याची किंमत मात्र स्त्रीच्याच खात्यावर राहिली.

बीड जिल्ह्यातून आपल्या कारखान्यांवर ऊस तोडायला येणाऱ्या बायकांची गोष्ट येथे आठवते. २०१९ साली त्यांच्यातील गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दुखण्याने एक दिवस बसले तरी मुकादम खाडा कापतो. तेव्हा दुखणाऱ्या अवयवालाच रजा, असा तो क्रूर हिशेब. विमानसेविका आणि ऊसतोड मजुरीण यांच्या जगण्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि ते पुसण्याचा माझा हेतू नाही. एकीचे हाल दुसरीच्या तोलाचे नाहीत. परंतु स्त्रीचे शरीर ही मालकाच्या दृष्टीने अडचण आहे आणि ती अडचण तिने स्वखर्चाने दूर करावी, हा विचार दोन्हीकडे एकच आहे. मजुरिणीला उचल बांधून ठेवते. नव्याने भरती झालेल्या विमानसेविकेला काही कंपन्यांत प्रशिक्षणाचा बॉण्ड बांधून ठेवतो. मुदतीआधी सोडायचे तर पैसे मोजा. नाव इंग्रजी असले म्हणून दाव्याचा दोर बदलत नाही.

खाजगीकरणानंतरचे चित्र मी थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्याला परिचित आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने सुमारे एकोणीसशे कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी बसवण्याचे ठरवले. त्यांत परिवीक्षेवरील केबिन कर्मचाऱ्यांचा भरणा मोठा होता. गणवेशातील मुले-मुली मुंबई विमानतळाबाहेर रडताना साऱ्या देशाने पाहिली. दोन दिवसांत कंपनीने माघार घेतली. त्या मधल्या वेळात ही मुले दाद मागायला गेली ती राज ठाकरे यांच्याकडे. ज्या मुंबईत समाजवाद्यांनी टॅक्सीवाले आणि महापालिका कामगार संघटित केले, त्या मुंबईत या मुलांना आपले दार का आठवले नाही? यावर आपण कधी बसून बोललो आहोत का? पुढे २०१२ मध्ये किंगफिशर महिनोन् महिन्यांचे पगार थकवून बंद पडली. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटचे शेवटचे विमान उतरले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परतली. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या शंभरावर केबिन कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली. विलीनीकरणातील वागणूक, भत्ते, मुदतीचे करार ही कारणे होती. कंपनीने पंचवीस जणांना बडतर्फ केले आणि मुख्य कामगार आयुक्तांसमोर तडजोड झाल्यावर परत घेतले. येथे एक गोष्ट टिपून ठेवण्यासारखी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार निम्म्या किंवा अधिक कामगारांनी मिळून घेतलेली नैमित्तिक रजासुद्धा संप ठरते, आणि संपाला आधी चौदा दिवसांची नोटीस लागते. उघड संप करता येत नाही म्हणून लोक रजेकडे वळले. आता तीही वाट अरुंद केली जात आहे.

प्रवाशाविषयीही बोलले पाहिजे, कारण तो आपल्यातलाच असतो. तिकिटाबरोबर समोरच्या माणसाचा मानही विकत घेतला, असे समजणारा वर्ग विमानात जसा दिसतो तसा दुसरीकडे क्वचितच दिसेल. घंटी वाजवून बोलावणे, अंगचटीला जाणे, चोरून छायाचित्रे काढणे. आणि तिने हसतमुख राहायचे, कारण तक्रार झाली तर जाब तिलाच विचारला जाणार. मार्च २०१७ मध्ये आपल्याच उस्मानाबादच्या तत्कालीन खासदारांनी दिल्लीत एअर इंडियाच्या साठीच्या एका अधिकाऱ्याला चपलेने मारले आणि वर त्याची फुशारकीही मारली. त्यानंतर त्याच वर्षी बेशिस्त प्रवाशांना काही काळ उड्डाणबंदी करण्याचे नियम आले. म्हणजे मार एका खासदाराकडून बसला तेव्हा नियम झाला. तोवर मुली जे सोसत होत्या त्याची गणना नव्हती.

५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत पॅन ॲमच्या विमानाचे अपहरण झाले. वैमानिक वरच्या झडपेतून निसटले, त्यामुळे विमान उडवता येईना, आणि आतल्या साडेतीनशेवर माणसांची जबाबदारी केबिन कर्मचाऱ्यांवर पडली. अमेरिकन प्रवासी ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांनी पासपोर्ट लपवले. गोळीबार सुरू झाल्यावर नीरजा भनोट प्रवाशांना बाहेर काढताना मारल्या गेल्या. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान उड्डाण करताच कोसळले. त्यात दहा केबिन कर्मचारी होते, दहाही गेले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आपल्या महाराष्ट्रात राहणारे होते. डोंबिवली, बदलापूर, पनवेलकडची साध्या घरातली मुले ती. काही दिवस वृत्तपत्रांनी त्यांची छायाचित्रे छापली, आणि तेथेही 'हवाई सुंदरी' हाच शब्द होता.

राहता राहिले आपल्या जिल्ह्यातील काम. गावोगावच्या मुलींना विमानातील नोकरीचे स्वप्न दाखवणाऱ्या शिकवणी-संस्था शहराशहरांत निघाल्या आहेत. त्यांचे शुल्क लाखाच्या घरात जाते आणि त्यासाठी शेत गहाण पडते. या संस्थांचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. केबिन कर्मचाऱ्याला लागणारे सुरक्षिततेचे प्रशिक्षण विमानकंपनी निवड झाल्यावरच, नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या पद्धतीने देते. निवडीसाठी बारावीचे शिक्षण, उंची-वजनाच्या अटी आणि बोलण्याची सफाई पाहतात. त्यातले शिकवणीने सुधारते ते फक्त शेवटचे. एवढी गोष्ट जरी आपल्या कार्यकर्त्यांनी महाविद्यालयांतून सांगितली, तरी काही घरांची जमीन वाचेल. या कामात आपल्या युवती आघाडीने पुढाकार घ्यावा.

दुसरे काम उजळाईवाडीला आहे. विमानतळावर सामान चढवणारे, सफाई करणारे, पहारा देणारे कर्मचारी आहेत. त्यांतले कंत्राटावरचे किती, त्यांना किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी मिळतो की नाही, ही माहिती आपल्याकडे जमवलेली नाही. केबिन कर्मचारी येथे अर्धा तास थांबतात आणि उडून जातात; त्यांना सभेला बोलावता येणार नाही. पण या जिल्ह्यातून त्या नोकरीत गेलेल्या मुली दिवाळीला, गणपतीला घरी येतात. त्यांच्या घरी जा. त्यांचे नियुक्तिपत्र, बॉण्डची कलमे, गरोदरपणातील वेतनाची तरतूद, तासांचा हिशेब त्या दाखवायला तयार असतील तर नावे गाळून उतरवून घ्या. पुढील महिन्याच्या बैठकीस आपले दोन वकील मित्र येणार आहेत. निदान तीन-चार करारपत्रे तोवर हाती आली, तर ती नव्या संहितेच्या शेजारी ठेवून ओळीने वाचता येतील.